विहीणबाईंच्या घरचे चौदा नियम

१० एप्रिल २०२५
श्टुटगार्टजवळ, जर्मनी

चि. सौ. हर्षला,

सुनेला पत्र लिहायला फार उशीर केला. थोडाथोडका नाही, तीन वर्षं. त्याची माफी आधीच मागतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल. माझा फोन तू घेत नाहीस. जितेश घेतो, पण "आमी बरे हाव आबा, तुमी गोल्या घ्या" एवढं बोलून ठेवून देतो. म्हणून कागद घेतला. सातवीनंतर मी एवढं कधी लिहिलेलं नाही, अक्षराला हसू नकोस. शेलूचा पत्ता सुरभीच्या वहीतून उतरवला, ती राखी पाठवते ना त्यातला. मजला तिसराच ना? चुकला असेल तर हे पत्र भलत्याच्या हाती पडेल आणि तो ते वाचेल, याच काळजीत कालचा दिवस गेला.

मी माझ्या लेकीकडे आलोय हे जितेशने सांगितलं असेल. गावी कोंडाण्याला विहिरीपाशी जरा पाय घसरला. विशेष काही नाही. पण डॉक्टर म्हणाले की यांना एकटं ठेवू नका, मग सुरभी येऊन मला घेऊन आली. तीस मार्चला आलो. तीन महिन्यांचा व्हिसा आहे, सव्वीस जूनला निघायचंच आहे.

घर सुरभीच्या सासूबाईंचं. खाली त्या राहतात, वर सुरभी, जावई टोमस आणि आता मी. सासूबाई म्हणजे माझ्या विहीणबाई, नाव इंग्रिड. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, भाल्यासारख्या ताठ. त्यांच्या घराचे चौदा नियम आहेत आणि ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलेत. सुरभीने मला पहिल्याच दिवशी वाचून दाखवले. त्या शेजारी उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मला कळतंय की नाही ते.

कळतं, पण लक्षात राहत नाही. कचऱ्याचे पाच डबे. केळ्याचं साल एकात, केळ्याची पिशवी दुसऱ्यात. दुपारी एक ते तीन आवाज नाही, रविवारी तर दिवसभर नाही. मी सकाळी दात घासताना खाकरतो, तर शेजारच्या बाईंनी विचारलं म्हणे, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का? खिडक्या दिवसातून दोनदा सताड उघडायच्या, बाहेर हाडं गोठवणारी थंडी असली तरी. मी शाल गुंडाळून बसतो आणि विहीणबाई घड्याळ बघतात. रात्रीचं जेवण सहा वाजता, तेसुद्धा गार. पाव, काकडी आणि चीज. एक नियम तुला लिहायला लाज वाटते. संडासात पुरुषांनीही बसायचं, उभं राहायचं नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला हे शिकवतात.

आणि जिन्याचा झाडू. दर आठवड्याला एका मजल्याची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी अडकवतात. या आठवड्यात पाटी आमच्या दारावर होती आणि सुरभीने झाडू माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "मी मारू झाडू?"

"आबा, इथं सगळेच मारतात. टोमस पण मारतो."

"तुझ्या आईनं पाहिलं असतं तर काय म्हणाली असती?"

"आई? आई पाट टाकून बसली असती बघायला."

मग मारला. काय करणार. दुसऱ्याचं घर.

समिधा सव्वादोन वर्षांची झाली ना? तिचं नाव मला गावातल्या धाऊने सांगितलं. बारशाला बोलावलं नाहीत, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

हे पत्र सुरभीला दाखवलेलं नाही. पोस्टाची पिवळी पेटी विहीणबाईंनी बोट करून दाखवली. मिळालं की जितेशकडून कळव.

हिरामण आबा


२३ एप्रिल २०२५

चि. सौ. हर्षला,

पहिलं पत्र मिळालं का? जितेशला आडून विचारलं, तो म्हणाला पोस्टमन सध्या येत नाही. येत नाही की आला नाही, नीट सांगत नाही.

परवा वर कुणी नाही असं बघून मी सुकट भाजली. गावाहून चार मुठी आणली होती, सुरभीलाही माहीत नव्हतं. तव्यावर टाकली आणि दोन मिनिटांत विहीणबाई वर. एकामागून एक सगळ्या खिडक्या उघडल्या, मग तवा उचलला आणि तसाच बाहेर बाल्कनीत नेऊन ठेवला. मी मागे मागे. संध्याकाळी सुरभीने सगळी सुकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. कुठल्या डब्यात टाकायची यावर नवराबायकोत पाच मिनिटं चर्चा झाली. मला कुणी विचारलं नाही. पावाबरोबर ती थोडी खाल्ली असती तर काय बिघडलं असतं? भूक असून जेवलो नाही. सहा वाजता काकडी कोण खातो.

त्यावरून तुझी आठवण आली. तुझ्या हातची सुकट तुझ्या सासूला, आनंदीला, फार आवडायची. तो मार्चमधला दिवसही आठवला. त्या दिवशी भात वाया गेला आणि त्यावरून आपली बोलाचाली झाली. घरात होतं असं. भांड्याला भांडं लागतं. मी काही तुझ्यावर हात उगारला नव्हता. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्या घरात जे चालत आलं तेच मी सांगितलं. बाई बाजूला बसली की चार दिवस चुलीला शिवायचं नाही. तुमच्या खालापूरला हे कुणी पाळत नसेल, मला काय माहीत.

पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. सुरभीने नेरळला वृद्धाश्रम बघून ठेवलाय. मोबाइलवर फोटो दाखवले. रांगेने खाटा, खाटेजवळ स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या. जेवण वेळेवर, डॉक्टर आठवड्याला. "आबा, सव्वीस जूनला तुम्हाला कोंडाण्याला एकटं सोडून मी इथं कशी राहू?" असं म्हणते. इथून निघण्याआधी त्यांना हो की नाही सांगायचं आहे. तुमच्याकडे येऊ का असं जितेशला विचारलं तर तो म्हणाला, "मी काय सांगू आबा? घर हर्षलाचं पण हाय."

शेलूला दोन खोल्या आहेत म्हणे. मला तर एक कोपरा पुरतो. लगेच उत्तर नको. पण विचार कर.

हिरामण आबा


६ मे २०२५

चि. सौ. हर्षला,

फार मोठा घोटाळा झाला. सुरभी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून तुला लिहितो. तू वाचतेस की नाही तेही माहीत नाही.

बागेत विहीणबाईंनी मला एक पट्टा दिला. दोन खाटांएवढा, चारही बाजूंनी दोरी बांधून दिली. दोरीबाहेर पाऊल नाही. सुरभीच्या डब्यातले धणे आणि मेथी घेतली. हाताला माती लागली तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा बरं वाटलं. माती काळी, ओली, पण तणाने भरलेली. मी म्हटलं, आधी राब करू.

तू खालापूरची, तुला वेगळं सांगायला नको. भाजल्याशिवाय वाफ्यात बी टाकायचं नाही हे माझ्या हाडात आहे. भाताचं असो की कसलंही. रविवारी सकाळी सगळे झोपलेले. झाडाखालचा पातेरा गोळा केला, कुंपणाच्या वाळक्या काटक्या मोडल्या, शेजारी ससे पाळणाऱ्या पोराकडून शनिवारीच गवत मागून ठेवलं होतं. शेण तेवढं कुठे मिळालं नाही. थर रचला, वर माती भुरभुरली आणि वाऱ्याच्या तोंडाकडून पेटवला, म्हणजे सावकाश जळतो. काय सुंदर धुरावला! आनंदी असती तर म्हणाली असती, हात शाबूत हाय तुमचा.

दहा मिनिटं झाली नसतील, गल्लीत लाल बंब. मला वाटलं कुठेतरी आग लागली असेल. टोपीवाली चार माणसं आमच्याच फाटकातून आत. मी काठी हलवून सांगतोय, "घाबरू नका, वारा तिकडला हाय, काय नाय होत," आणि ते माझ्या राबावर पाणी मारतायत. सगळी गल्ली कुंपणाला लागून उभी. रविवारी.

सुरभी रात्रीच्या कपड्यांवर धावत आली. "आबा, हे काय केलंत? विचारायचं तरी!"

"राब लावायला कुणी विचारतं?"

"हे कोंडाणं नाय आबा!"

"कागदावर चौदा नियम हायत. आग लावू नये असं कुठं लिव्हलंय?"

तेव्हा ती सगळ्यांसमोर ओरडली. जावई उभा, विहीणबाई उभ्या. मराठीत ओरडली म्हणून बाकीच्यांना शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलंच. मी काठी धरून चिखलात उभा. कुठे बघावं ते समजेना.

आणखी एक बोलली ती. "कागदाच्या गोष्टी करू नका आबा. तुमच्या घरात कागद तरी होता का? हर्षलाला काय चालत नाय ते मोडल्यावरच कळायचं."

मी वर गेलो आणि बॅग काढली.

विहीणबाई मला हाकलतील अशी मला खात्री होती. कपडे भरून बॅग दाराशी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर आल्या, हातात कागद. फ्रिजवरचा जुना काढला आणि नवा लावला. पंधरावा नियम. मला जर्मन वाचता येत नाही म्हणून चित्र काढलं होतं, ज्वाळा आणि त्यावर फुली. मग माझ्या हातात दाताळं दिलं आणि काहीतरी म्हणाल्या. सुरभीने रागातच सांगितलं, "म्हणतायत, आता माहीत झालं. आता पुन्हा नको. पट्टा साफ करा."

एवढंच. दोरी होती तशीच आहे.

हिरामण आबा


१७ मे २०२५

चि. सौ. हर्षला,

जितेशचा फोन आला होता. पत्रं मिळाली म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. मग त्याने तुझा निरोप वाचून दाखवला, तू सांगितलास तसाच: "भात वाया गेला नव्हता. ओतला होता. खरं लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर पोस्टाचा खर्च करू नका."

मी फोन कानाला धरून बसलो. जितेश म्हणाला, "आबा, फोनवर हाव ना?" मी म्हटलं हाव.

लिहितो. तुझ्यासमोर बोलता आलं नसतं.

आनंदीला तीन दिवस ताप होता. तुझे ते चार दिवस चालू होते आणि तू मागच्या पडवीत होतीस. तुझी आई, आवडीबाई, सकाळीच खालापूरहून लेकीला भेटायला आली होती. आनंदी भूक लागली म्हणत होती. घरात शिजवणारं दुसरं कुणी नव्हतं. मी होतो, पण मला चहाही करता येत नव्हता आणि शिकायचं कधी सुचलं नाही. तू अंघोळ करून चुलीपाशी गेलीस आणि तिच्यासाठी मऊ भात टाकलास. मी शेतावरून आलो तेव्हा टोप चुलीवरून उतरवलेला होता, वाफ येत होती.

मी टोप उचलला. अंगणाच्या कडेला नेला आणि गटारात ओतला. घाईत नाही, सावकाश ओतला. तुझी आई बघत होती म्हणून सावकाश. मग टोप राखेने तीनदा घासला, तोही तिच्यासमोर. ती म्हणाली, "पावनं, पोरीनं सोतासाठी नाय शिजवलं. तुमच्या मालकिनीला ताप हाय, सकालपासून उपाशी हाय." मी म्हटलं, "माझ्या घरात मला शिकवू नका." आणि तुला म्हटलं, "गोठ्यात जाऊन बस." तू गेली नाहीस. अंगणात उभी राहिलीस, पदर हातात धरून. सगळ्यांच्या देखत.

तुला माहीत नाही ते आता सांगतो. तू आणि जितेश त्याच संध्याकाळी आवडीबाईंबरोबर निघून गेलात. रात्री मी आनंदीला बिस्किटाचा पुडा दिला. तिने तो भिंतीकडे सरकवला आणि म्हणाली, "दोन घास व्हते, तेवढे पन तुमच्याच्यानं बघवले नायत." त्यानंतर दीड वर्ष जगली. जेवण वाढायची, पण माझ्याबरोबर बसून जेवली नाही. लोकांना मी सांगत आलो की सुनेला फ्लॅट हवा होता, स्टेशन जवळ हवं होतं, म्हणून ती शेलूला गेली. धाऊला सांगितलं, तुझ्या मामालाही सांगितलं. सगळं खोटं.

विहिरीपाशीही नुसता पाय घसरला नव्हता. सकाळी सातला पडलो, दुपारी बाराला गावातल्या जैतूने बघितलं. पाच तास हाक मारत होतो. तेव्हाही मी तुला दोष देत होतो, की सून घरात असती तर असं झालं नसतं. बघ कसा माणूस आहे.

रविवारी चिखलात उभा होतो ना, तेव्हा कळलं असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. तेव्हा फक्त लाज वाटली. कळलं दुसऱ्या दिवशी, विहीणबाईंनी दाताळं दिलं तेव्हा. घर त्यांचं, बाग त्यांची, बंब त्यांच्या दारात आला. त्यांना माझी बॅग बाहेर ठेवता आली असती. तुझ्या बाबतीत माझ्याकडून एवढंही झालं नाही.

याची माफी पत्रात मागून होत नाही हे मला समजतं. तरी मागतो. आवडीबाईंची वेगळी मागायची आहे. त्यांना हे पत्र वाचून दाखव, किंवा नको, तुला वाटेल तसं.

हिरामण आबा


४ जून २०२५

चि. सौ. हर्षला,

अठरा दिवस झाले, काही निरोप नाही. पत्र पोचायला बारा-तेरा दिवस लागतात, म्हणजे तुला चार-पाच दिवसांपूर्वीच मिळालं असेल. मी रोज मोजतो. सुरभीचा मोबाइल वाजला की जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो. विहीणबाईंच्या लक्षात आलंय. काल त्या माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या, सुरभी हसली. "आबा, त्या म्हणतायत जिना झिजला तर दुरुस्ती तुमच्याकडे."

सुरभीला मी सगळं सांगितलं. पत्रांचंही आणि टोपाचंही. ती टोपाचं ऐकून उठून गेली. आईने तिला तेव्हा काहीच सांगितलं नव्हतं. नंतर येऊन म्हणाली, "हर्षलावर जबरदस्ती नाय करायची आबा. ती नाय म्हणाली तर नेरळ." मी हो म्हटलं. जितेशला मध्ये घालू नका असंही तिने मला बजावलं, म्हणून त्याला फोन करत नाही.

मेथी उगवली आहे. विरळ. राब झाला असता तर दाट आली असती, पण असो. बुधवारी स्वयंपाक माझ्याकडे असतो, सोळावा नियम, हा सुरभीने घातला. पहिल्या बुधवारी भात खाली लागला. दुसऱ्या बुधवारी एवढा मऊ झाला की विहीणबाईंनी त्यावर साखर आणि दालचिनी घालून खाल्ला आणि पुन्हा मागितला. त्यांच्याकडे तो गोडाचा प्रकार असतो म्हणे. मी उठून पुन्हा वाढला.

आता मुद्द्याचं लिहितो.

मी बदललो असं तुला लिहिणार नाही. या वयात किती बदलणार. तोंडातून एखादा शब्द जाईल, चहा उशिरा आला तर कपाळाला आठी पडेल. पण तुझ्या घरात यायचं तर मला तुझ्या घराचे नियम आधी माहीत हवेत. कागदावर लिहून त्याचा फोटो सुरभीच्या मोबाइलवर पाठव. कितीही असू देत. चुलीला कोण शिवेल, कोण नाही शिवणार, हे मी पुन्हा कधी बोलणार नाही, तो नियम तू नाही लिहिलास तरी माझ्याकडून पहिला. बाकीचे तू लिही. समिधेला मी उचलून घ्यायचं की नाही, तेही लिही. तिला आजोबा म्हणायला शिकवायचं की कोंडाण्याचे पाहुणे म्हणायचं, ते तूच ठरव. चित्र काढून पाठवलंस तरी चालेल, त्याची सवय झाली आहे.

आणि मी यायचंच नाही असं असेल तर तेवढं एकच लिही. मी नेरळला जाईन आणि तुला त्रास देणार नाही. तिथे रविवारी भेटायला येऊ देतात असं सुरभीने विचारून ठेवलंय. तेही तुला वाटलं तरच.

विमान सत्तावीस जूनला सकाळी मुंबईत उतरेल. कर्जतचा गजा गाडी घेऊन येणार आहे. तो म्हणतो बदलापूर, वांगणीवरून आणतो, रस्ता बरा झालाय. म्हणजे शेलू आधी लागतं, नेरळ नंतर. वाट पाहायला लावू नकोस गं. गजाने शेलूला गाडी थांबवायची की पुढे न्यायची, एवढं तरी सत्तावीस तारखेच्या आत कळव.

हिरामण